अंगुलिमुद्रा प्रारंभ यंत्रणा
चालकाच्या बोटाचा ठसा ओळखून मोटारीचे दार उघडणारी व एंजिन सुरू होऊ देणारी यंत्रणा (पहा : अंगुलिमुद्रा). ह्युंदाईने ती डिसेंबर २०१८ मध्ये सांता फे मोटारीसाठी, निवडक बाजारपेठांपुरती, जाहीर केली. दाराच्या मुठीत व प्रारंभ बटणात संवेदक असतात. ठशातील कंगोरे आणि खाचा यांच्या विद्युत् धारितेतील फरकावरून आराखडा बनतो (पहा : धारित्र), तो नोंदवलेल्या आराखड्याशी जुळला तरच एंजिन चालू होते. आसन व आरसेही त्या चालकानुसार सरकतात. परके बोट स्वीकारले जाण्याची शक्यता ५०,००० त एक, असा कंपनीचा दावा आहे. किल्ली हरवल्यास बदलता येते, ठसा नाही; हा दोष गंभीर होय. २००५ मध्ये मलेशियात चोरट्यांनी ठशावर सुरू होणाऱ्या मोटारीसाठी मालकाचे बोट कापले होते.