चोरावर मोर कोण?

एकच गोष्ट तीनदा सांगितली गेली, की सांगणाऱ्याचा काळ उघडा पडतो. १९६४ साली हॉलिवूडचा 'बेडटाइम स्टोरी' आला. फ्रान्सच्या समुद्रकिनारी श्रीमंत बायकांना लुबाडणारे दोन ठकसेन, मार्लन ब्रँडो आणि डेव्हिड निव्हन. दोघं एका मुलीवरून पैज लावतात. ती खरंच भोळी. शेवटी त्यांतल्याच एकाशी लग्न करते!

१९८८ मध्ये 'डर्टी रॉटन स्काउंड्रल्स'मध्ये तीच गोष्ट पुन्हा आली. ठकसेन आता मायकेल केन आणि स्टीव्ह मार्टिन, पैज ५०,००० डॉलरची. पण यातली भोळी वाटणारी जॅनेटच दोघांना गंडवून जाते. २४ वर्षांत बाईला अक्कल आली असं नाही. ती होतीच, लिहिणाऱ्यांना दिसली इतकंच.

२०१९ च्या 'द हसल'मध्ये ठकसेनच बायका, अ‍ॅन हॅथवे आणि रेबेल विल्सन. मला आनंद झाला. पण त्यांच्यावर मात करतो एक भोळा दिसणारा तरुण. म्हणजे बायकांना मुख्य भूमिका मिळाल्या आणि शहाणपण परत पुरुषाकडे गेलं. म्हणून मैत्रिणींनो, पडद्यावर बायका किती, एवढंच मोजू नका. शेवटचा डाव कुणाच्या हाती दिलाय, तेही बघा.