चित्रातलं घर कुणाचं?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब आटोपल्यावर आम्ही मोबाईलवर एक जुनं चित्र पाहिलं. इंग्लंडच्या खेड्यातलं, जलरंगातलं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. गवतानं शाकारलेलं बुटकं घर, अंगणात फुलझाडं, दारात कडेवर लेकरू घेतलेली आई. एक आजी म्हणाल्या, "गोऱ्या बाईच्या बी कडेवर लेकरू हायेच की!" सगळ्या हसल्या. मग दुसरीनं विचारलं, "किती सुखाचं घर! कुणाचं असंल?"

उत्तर शोधलं, तर निघालं भलतंच. अशा बहुतेक घरांचा मालक जमीनदार असायचा. शेतमजुराचं काम सुटलं की पुष्कळदा घरही सुटायचं. त्यातच 1870 नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य इंग्लंडात येऊ लागलं, तिथल्या धान्याचे भाव पडले आणि खेड्यांतली माणसं शहराकडे निघाली. भाव पडले की काय होतं, हे परभणीच्या बायांना वेगळं सांगायला नको. चित्रात मात्र यातलं काही दिसत नाही. तिथं फक्त फुलं आणि ऊन आहे.

हे चित्र काढणारीही एक बाईच. तिचं नाव हेलन अ‍ॅलिंगहॅम, जन्म 1848 चा. वडील डॉक्टर होते. 1862 साली घटसर्पाच्या साथीत रुग्णांवर उपचार करताना तेच गेले. हेलन तेव्हा तेरा वर्षांची. पुढे ती चित्रकला शिकली आणि मासिकं-साप्ताहिकांसाठी चित्रं काढून स्वतः कमवू लागली. 1874 साली एका कवीशी तिचं लग्न झालं. इंग्लंडात 1870 पर्यंत लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची मानली जायची. त्या वर्षी कायदा बदलला, म्हणून हेलनच्या चित्रांचा पैसा तिचा स्वतःचा राहिला.

1889 मध्ये नवरा वारला. पदरात तीन मुलं. हेलननं कुंचल्यावर संसार ओढला. दुसऱ्याच वर्षी, 1890 साली, जलरंग चित्रकारांच्या तिथल्या नामांकित संस्थेनं तिला पूर्ण सभासद करून घेतलं. तो मान मिळालेली ती पहिली बाई. 1926 साली ती वारली.

तिनं खेड्यातली जुनी घरं इतकी का काढली? कारण ती पाडली जात होती, नाहीतर ओळखू येणार नाहीत इतकी बदलली जात होती. घर जायच्या आधी ते कागदावर राहावं, ही तिची धडपड होती.

हे ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण आपल्याकडंही तेच चाललंय. सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचं माळवद, ढाळज, धान्याचं बळद असलेली घरं एकामागून एक पडताहेत. आमच्या गटातल्या एका काकूंचं चार खणांचं माळवद गेल्या वर्षी पाडलं. गळकं घर जाऊन घरकुल आलं, त्याचा आनंदच आहे. पण चाळीस वर्षं ज्या भिंती त्यांनी शेणामातीनं सारवल्या, त्यांचा एकही फोटो नाही. काकू म्हणाल्या, "माझा हातच पुसल्यावानी झाला."

म्हणून आमच्या गटांनी दोन गोष्टी ठरवल्या. जुनं घर पाडायच्या आधी त्याचा फोटो काढायचा. घर राखणारी बाई त्यात दारात उभी पाहिजे, आणि फोटोमागं तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहायचं. त्या चित्रातल्या आईचं नाव आम्हाला सापडलं नाही. आपल्या नातींवर ती वेळ यायला नको.

दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा. त्यावर फक्त घरधन्याचं नाव आहे की आपलंही? नसेल तर घरात बसून बोलायचं आणि नाव लावण्यासाठी अर्ज द्यायचा. पहिल्या बैठकीत अकरा उतारे वाचले. बाईचं नाव फक्त तिघींच्या उताऱ्यावर निघालं. उरलेल्या आठपैकी पाच जणींचे अर्ज तयार आहेत.

मैत्रिणींनो, चित्रात दारात उभी राहणारी बाई सुंदर दिसते. पण तिचं नाव उताऱ्यावरही असलं पाहिजे. तुमचा उतारा कधी काढताय?