कृत्रिम सांध्यावर शस्त्रक्रियेचा सराव

सेंटिमीटरभरही नसलेल्या छेदातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण गुडघ्यात सारायची, दुसऱ्या छेदातून हत्यार घालायचे आणि नजर समोरच्या पडद्यावर ठेवायची, ही आर्थ्रोस्कोपीची रीत. टोकियोत केनजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाचा गुडघा प्रथम दुर्बिणीतून पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये जिवंत रुग्णाच्या गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा तुकडा याच मार्गाने काढला.

रुग्णाला सुटसुटीत वाटणारी ही शस्त्रक्रिया शिकणाऱ्याच्या हाताला मात्र अवघड. दुर्बिणीचे टोक बहुधा ३० अंशांत तिरपे असते. त्यामुळे ती जिकडे रोखली आहे नेमके तिकडचे दिसत नाही. दोन हात आणि पडदा यांचा मेळ बसेपर्यंत हत्याराचे टोक हाडावरील कूर्चेला घासते. कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने तो ओरखडा नीट भरून येत नाही. शिवाय मांडीला आवळपट्टा बांधून रक्तप्रवाह थांबवलेला असतो, तो साधारण दोन तासांपलीकडे ठेवणे धोक्याचे. नवशिक्याला चाचपडायला येथे सवड नाही.

पनवेल तालुक्यात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. अशा महाविद्यालयांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० च्या नियमांद्वारे कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली. महाराष्ट्रात शवविच्छेदनासाठी देह मिळण्याची कायदेशीर सोय १९४९ पासून आहे; परंतु फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या देहाचे सांधे ताठर होतात, दुर्बिणीच्या सरावाला ते निरुपयोगीच.

म्हणून कृत्रिम सांधा. सर्वांत साधा प्रकार म्हणजे भोके पाडलेले झाकण असलेली पेटी. आत कड्या आणि खुंट्या. त्या पडद्यावर पाहून उचलायच्या, हलवायच्या. पुढच्या टप्प्यात प्लास्टिकची हाडे व रबरी गादी असलेला गुडघा येतो. संगणकी आभासी यंत्रांपेक्षा हे स्वस्त, आणि हाताला खरा अडसर जाणवतो. रक्त व सुजलेल्या आवरणाने धूसर झालेले दृश्य मात्र त्यात अनुभवता येत नाही.

पण पेटी आणून ठेवली की काम भागले, असे नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेबाबत अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिकृतीवर केवळ सराव केलेले शिकाऊ डॉक्टर पारंपरिक पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. ठरावीक चुकांची मर्यादा पाळल्याशिवाय ज्यांना पुढच्या पायरीवर जाऊच दिले नाही, ते मात्र स्पष्टपणे पुढे गेले.