तळटीप : पांडुरंग सांगवीकर

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा पंचविशीतला निवेदक. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा शिक्षणावरचं मन उडून गावी परततो. धाकटी बहीण मनी गेल्यावर ती का गेली, याचं उत्तर त्याला घरात मिळत नाही, पुस्तकांतही नाही. वडिलांशी तर त्याचं कधी जमलेलंच नाही. अजिंठ्याची लेणी पाहतानाही मनीच्या जाण्याचा शोक त्याची पाठ सोडत नाही. समीक्षकांनी त्याच्यावर अस्तित्ववादाचा शिक्का मारला. प्रस्तुत लेखकही इथे तेच करतो. त्यात पांडुरंगाचा तिरकस, स्वतःलाही न सोडणारा विनोद मात्र हरवतो. अजिंठ्याचा भाग वाचकांनी मूळ कादंबरीतूनच वाचावा. सारांशावर विसंबू नये. — संपादक