आज्ञापालनाचा इतिहास : बैलाच्या पराणीपासून श्वानाच्या विद्युत गळपट्ट्यापर्यंत
(राहाता परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवाने प्राणी माणसाळविले त्याच वेळी त्यांना आज्ञा शिकविण्याचा प्रश्नही निर्माण झाला. प्राणी आज्ञा का पाळतो? वेदनेच्या भीतीने, अन्नाच्या आशेने, की सहवासातून जडलेल्या सवयीने? या प्रश्नाची तीन उत्तरे तीन प्रकारच्या प्रशिक्षणपद्धतींना जन्म देतात. श्वानाला ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ अशा प्राथमिक आज्ञा शिकविण्यासाठी वापरला जाणारा विद्युत गळपट्टा हे त्यांपैकी पहिल्या उत्तराचे आधुनिक रूप होय. प्रस्तुत लेखात या साधनाचा इतिहास राहाता परिसरातील पशुनियंत्रणाच्या परंपरेशेजारी ठेवून तपासला आहे. बैलाच्या वेदनेची कायद्याने नावानिशी दखल घेतली, श्वानाच्या वेदनेची मात्र तशी घेतली नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

स्थानिक पार्श्वभूमी

पूर्वी कोपरगाव तालुक्यात समाविष्ट असलेले राहाता १९९९ मध्ये स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांमुळे या भागात ऊसशेती रुजली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. उसाने भरलेली बैलगाडी हे या अर्थव्यवस्थेचे परिचित दृश्य बनले. गाडीवानाच्या हाती चाबूक वा पराणी असे आणि पराणीच्या टोकाला लोखंडी आर. बैल थबकला की आर टोचायची, हा नियंत्रणाचा सर्वात सोपा मार्ग होता.

याच प्रदेशात धनगरांचे कळप शेतात खतासाठी बसविले जात. कळपासोबतचा कुत्रा लांडग्यापासून मेंढ्यांचे रक्षण करी. मालकापासून दूर असताना त्याला आवरायचे ते हाकेने आणि शिटीने. ज्या अंतराची अडचण सोडविण्यासाठी पुढे विद्युत गळपट्टा निर्माण झाला, तीच अडचण येथे आवाजाच्या ओळखीने सोडविली जात होती. अर्थात धनगराच्या हाती काठीही होती. म्हणून या परंपरेचे सरसकट उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही.

धार्मिक जीवनातही श्वानाला स्थान होते. खंडोबाच्या परंपरेत कुत्रा हा देवाचा सोबती मानला जातो आणि वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात. याच तालुक्यातील शिर्डी येथे खंडोबाचे मंदिर आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथात लक्ष्मीबाई शिंदे यांनी आणलेली भाकरी साईबाबांनी भुकेल्या कुत्र्यापुढे ठेवल्याची कथा येते. मात्र पूज्यभाव आणि दैनंदिन वागणूक या भिन्न गोष्टी आहेत. पोळ्याला पुजल्या जाणाऱ्या बैलालाच एरवी आर टोचली जात असे.

विद्युत गळपट्ट्याचा उगम

श्वानप्रशिक्षणाला शास्त्राचे रूप विसाव्या शतकात मिळाले. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचा १९१० मधील ग्रंथ या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. सक्ती आणि बक्षीस या दोहोंचा वापर त्यांनी सांगितला, तरी सक्तीचे स्थान त्यात ठळक होते. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या १९६२ मधील पुस्तकाने गळपट्ट्याला हिसका देऊन चूक सुधारण्याची पद्धत लोकप्रिय केली. हिसक्यासाठी दोरी हवी आणि दोरीला लांबीची मर्यादा असते. शिकारी कुत्री तर शेकडो फूट दूर धावतात. ही मर्यादा ओलांडण्यासाठी रेडिओ लहरींवर चालणारे गळपट्टे त्या देशात प्रचारात आले. ॲरिझोनातील टूसॉन येथे १९६८ मध्ये स्थापन झालेली ट्राय-ट्रॉनिक्स ही त्यांची एक प्रमुख उत्पादक संस्था होती.

याच्या समांतर दुसरा प्रवाहही वाहत होता. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहून खाऊ आणि खुणेचा आवाज यांच्या साहाय्याने प्राण्यांना शिकविण्याची रीत सामान्य वाचकांसमोर मांडली. विद्युत गळपट्टा बाजारात स्थिरावला तेव्हा वेदनारहित पर्याय उपलब्ध होता, ही बाब महत्त्वाची आहे. म्हणजेच गळपट्ट्याचा स्वीकार ही अपरिहार्यता नव्हती, ती निवड होती.

कार्यपद्धती व परिणाम

या गळपट्ट्यावर बॅटरीवर चालणारा ग्राहक बसविलेला असतो. त्याची दोन धातूची टोके मानेच्या कातडीला टेकतात. प्रशिक्षकाने हातातील नियंत्रकाची कळ दाबली की ध्वनी, कंपन किंवा विद्युत धक्का दिला जातो. ‘बस’ म्हणताच सौम्य धक्का सुरू करायचा आणि श्वान बसताच तो थांबवायचा, ही एक रीत होय. मानसशास्त्रात तिला ऋण प्रबलन म्हणतात. आज्ञा मोडल्यावर धक्का देणे ही शिक्षा होय. दोन्हींमध्ये वेळ अचूक साधावी लागते. क्षणाचा विलंब झाला, तर समोरून येणारे मूल किंवा दुसरा कुत्राच धक्क्याचे कारण आहे, अशी श्वानाची समजूत होऊ शकते.

समर्थकांच्या मते आधुनिक उपकरणातील धक्का सौम्य असतो आणि वाहनाखाली सापडण्यापेक्षा तो बरा. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पळत्या वस्तूचा पाठलाग थांबविण्यात हा पट्टा परिणामकारक ठरला. तथापि प्राथमिक आज्ञांबाबतचे निष्कर्ष वेगळे आहेत. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ६३ श्वानांच्या प्रशिक्षणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ‘ये’ आणि ‘बस’ या आज्ञांसाठी पट्ट्याने शिकविलेले श्वान बक्षिसाने शिकविलेल्या श्वानांपेक्षा सरस ठरले नाहीत. उलट बक्षिसाच्या गटाने पहिल्याच आज्ञेला अधिक वेळा प्रतिसाद दिला.

महाराष्ट्रातील श्वानसेवेचा इतिहासही येथे विचारात घ्यावा लागतो. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रात शिकलेल्या ‘झंजीर’ या लॅब्रेडोरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधण्यास साहाय्य केले. स्फोटकांचा वास आल्यावर न भुंकता, न उकरता स्वस्थ बसणे हे अशा श्वानाचे काम असते. हे काम तो स्वतःच्या शोधवृत्तीने करतो आणि त्याबद्दल त्याला कौतुक वा खेळणे मिळते. भेदरलेल्या प्राण्याकडून असा शोध होणे कठीण होय.

कायद्याची भूमिका

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील अकराव्या कलमाने अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा ठरविला. अवास्तव आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या श्वानाला फिरविण्याची हयगय करणे यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याखालील १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी टोकदार काठीच्या वापरास मनाई केली. पराणीची आर अशा प्रकारे नियमाच्या कक्षेत आली. पुढे बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेल्या नियमांत चाबूक, पराणी आणि विजेचा धक्का देणारी साधने निषिद्ध ठरली.

म्हणजे शर्यतीच्या बैलाला विजेचा धक्का देणे या राज्यात नावानिशी वर्ज्य आहे. श्वानाच्या विद्युत गळपट्ट्याचे नाव मात्र १९६० च्या कायद्यात नाही. तेथे ‘अनावश्यक वेदना’ या व्यापक शब्दांचाच आधार घ्यावा लागतो. जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये असा पट्टा प्रशिक्षणासाठी वापरणे तेथील कायद्याच्या विरुद्ध ठरविले, तर वेल्सने २०१० मध्ये त्याच्यावर बंदी घातली.

समारोप

पराणी आणि गळपट्टा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. आर टोचणारा हात बैलाच्या पाठीशीच असे आणि बैलाची कळ गाडीवानाला दिसत असे. गळपट्ट्याची कळ दाबणारा हात दूर असतो, त्यामुळे वेदना देणाऱ्याला वेदना दिसेलच असे नाही. शिवाय पट्टा वापरण्यास कोणतेही कौशल्य सिद्ध करावे लागत नाही.

‘अनावश्यक वेदना’ या शब्दांचा अर्थ काळानुरूप लावावा लागतो. ‘बस’ आणि ‘ये’ या आज्ञा वेदनेवाचून तितक्याच किंवा अधिक चांगल्या रीतीने शिकविता येतात, असे दिसून आले असेल, तर त्यांच्यासाठी दिलेला धक्का अनावश्यक ठरतो. १९६५ मध्ये बैलाच्या बाबतीत जे नियमाने साधले, ते श्वानाच्या बाबतीत साधण्यास नवा कायदा नको. १९६० च्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमाने नियम करण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिलेलाच आहे.