कोरफडीच्या गारव्याची कुळकथा

चेहऱ्याच्या मसाजसाठी घरोघरी वापरले जाणारे थंड वनस्पतिजन्य जेल आज बहुतेक वेळा कोरफडीचे असते. कुवेतमध्ये सालमिया, अब्बासिया, फहाहील अशा भारतीय वस्तीच्या भागांत ते कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानातही, मिळते. डबी नवी असली तरी तिच्यामागे तीन वेगवेगळी कुळे आहेत: एका वनस्पतीचे, चिकट गराच्या घरगुती वापराचे आणि विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचे.

पहिले कूळ कुवेतपासून फार दूरचे नाही. जगभर कुंड्यांतून वाढणारी ही कोरफड मूळची अरबी द्वीपकल्पाची असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ओमानच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात ती आजही रानटी आढळते. अरबीत तिला ‘सब्र’ म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत दक्षिण अरबस्तानातील काने बंदरातून धूपाबरोबर कोरफडवर्गीय औषधाची निर्यात होत असल्याची नोंद आहे. मात्र हा व्यापार गराचा नव्हता. पानाच्या सालीखालून पाझरणारा पिवळा, कडू रस आटवून केलेला काळा खडा तेव्हा विकला जाई. मराठी घरांत तोच ‘काळा बोळ’ म्हणून मुरगळलेल्या पायाला लेप लावण्यासाठी ठेवलेला असे. गर समुद्रमार्गे जाणे शक्यच नव्हते, कारण कापल्यावर तो काही तासांतच पातळ आणि तपकिरी होऊ लागतो. भारतात वनस्पती स्वतः येऊन रुजली आणि ‘कुमारी’ या नावाने ‘भावप्रकाश’सारख्या उत्तरकालीन आयुर्वेदीय ग्रंथांत स्थिरावली. ताजा गर भाजल्यावर किंवा उन्हाने रापलेल्या कातडीवर लावायचा, ही रीत परसात कोरफड असलेल्या घरांची.

दुसरे कूळ चिकट बियांचे आहे. युनानी हकीम बिहिदाणा पाण्यात भिजवून त्याचा ‘लुआब’ काढत. जवस उकळूनही तसाच पारदर्शक गर मिळतो. आजच्या जेलचे हे खरे पूर्वज म्हणता येतील: तेल न वापरता बोटाला सरकपणा आणि कातडीला ओलावा देणारे. चंदन, वाळा, गुलाबपाणी यांचे लेप थंड असले तरी वाळताच धरतात, त्यांवरून बोटे फिरवता येत नाहीत. मसाजला लुआबच सोयीचा.

तिसरे कूळ अर्वाचीन आहे. १९३५ मध्ये कॉलिन्स आडनावाच्या दोन अमेरिकी डॉक्टरांनी क्ष-किरणांनी पोळलेल्या त्वचेवर कोरफडीचे ताजे पान वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष कडू रसावरून गराकडे वळले. गर टिकवण्याच्या पद्धती त्यानंतरच्या दशकांत साधल्या. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुडरिच या अमेरिकी कंपनीचे ‘कार्बोपोल’ बाजारात आले. त्याचे शेकडा एकाहून कमी प्रमाणही पाण्याला काचेसारखे स्वच्छ, दाट रूप देते. त्यामुळे डबीतल्या जेलचा दाटपणा बहुधा वनस्पतीचा नसतो, हे घटकांची यादी वाचल्यावर कळते.

या तीन कुळांची गाठ कुवेतमध्ये पडली ती जुन्या वाटेवरच. तेलाच्या आधीच्या काळात कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर मुंबई आणि मलबारकडे नेत आणि येताना साग, मसाले, कापड आणत. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत तिथे रुपयाच चलनात होता. आज भारतीय हा कुवेतमधला सर्वांत मोठा परदेशी समाज आहे, आणि भारतात बनलेली कोरफडीची जेल त्याच्यामागोमाग तिथे पोचली.

तिथला उन्हाळाही या वापराला पूरक ठरतो. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की थंड पाण्याच्या नळालाही गरम पाणी येते. तोंड धुऊन गारवा मिळत नाही, म्हणून फ्रीजमधले जेल हवेसे वाटते. कोरफडीच्या गरात सुमारे ९९ टक्के पाणी असते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. कोरड्या वायव्य वाऱ्याच्या दिवसांत ही क्रिया झपाट्याने होते. दमट ‘कौस’ वारा वाहू लागला की मंदावते. मेन्थॉलचा, म्हणजे पुदिनाफुलाचा, गारवा मात्र वेगळा. तो तापमान उतरवत नाही, चेतातंतूंवरील थंडी ओळखणारी प्रथिने चाळवतो. ही प्रथिने २००२ मध्ये ओळखली गेली. त्यामुळे मेन्थॉलने गार वाटलेली त्वचा थंड झालेलीच असेल असे नाही.

कोरडी हवा जेलला मदत करते तशी नडतेही. पाणी उडाल्यावर उरणारा पातळ पापुद्रा आकसतो आणि गाल ताणल्यासारखे होतात. म्हणून चेहरा धुऊन, किंचित ओला असतानाच जेल लावावे, हनुवटीकडून कानाकडे आणि भुवयांवरून कपाळाकडे हलक्या बोटांनी पाच मिनिटे फिरवावे, आणि पूर्ण सुकण्याआधी त्यावर साधे क्रीम किंवा तेलाचा थेंब लावून ओलावा कोंडून ठेवावा. एसीच्या झोतात बसून मसाज केल्यास जेल अर्ध्यातच वाळते.

ताजे पान वापरायचे तर कापलेले टोक खाली करून ते दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे. पिवळा रस निथळू द्यावा, कारण खाज आणि पुरळ बहुधा त्यानेच येतो. सोललेला गर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवावा. कोणतेही जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. मेन्थॉल किंवा कापूर असलेले डोळ्यांभोवती आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर लावू नये. कोरफड उन्हापासून संरक्षण देत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन वेगळे लागते, आणि फोड आलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर मसाज करू नये.