दंतरोपणाचा जमाखर्च

लंडन येथील हंटर-संग्रहालयांत एका कोंबड्याचें उभें चिरलेलें डोकें काचेच्या भांड्यांत जतन करून ठेविलें आहे. त्याच्या तुऱ्यांत माणसाचा एक दांत रोविलेला दिसतो. अठराव्या शतकांतील विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें हा प्रयोग केला, आणि नुकताच उपटलेला दांत परक्या मांसांतहि रुजूं शकतो असें त्यावरून अनुमान बांधिलें. दांतांवर त्यानें १७७१ व १७७८ सालीं दोन ग्रंथ लिहिले. आणि असे प्रयत्न आपण पुष्कळ केले परंतु साधला तो एकच, अशी कबुलीहि त्यानें आपल्या लेखनांत देऊन ठेविली आहे. लोकांनीं तो साधलेला एक तेवढा ध्यानांत ठेविला. बाकीच्या कोंबड्यांचें काय झालें हें विचारण्याच्या भानगडींत कोणी पडलें नाहीं.

या एका तुऱ्याच्या आधारावर लंडनांत दांतांचा मोठा धंदा चालला. श्रीमंत स्त्रीपुरुषांचे किडलेले दांत उपटावयाचे, आणि त्या जागीं गरीब मुलामुलींचे निरोगी दांत तिथल्यातिथें काढून बसवावयाचे. एकाचा दांत मापांत न बसला तर दुसऱ्याचा पाहतां यावा म्हणून देणारे दोघे-चौघे हाताशीं ठेवावे, असा सल्ला खुद्द हंटरच देत असे. थॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकारानें १७८७ सालीं या धंद्याचें चित्र काढिलें आहे. त्यांत धुराडीं झाडणारा एक पोर खुर्चीवर बसला आहे, एक गृहस्थ आरशांत आपलें तोंड न्याहाळीत आहे, आणि दाराशीं दोन फाटकीं मुलें गाल धरून बाहेर पडत आहेत. बसविलेले दांत फार तर कांहीं वर्षें टिकत. त्यांबरोबर उपदंशासारखे रोगहि येतात अशी ओरड होऊं लागली, तेव्हां शतक संपण्याच्या सुमारास हा धंदा बसला. विकलेला दांत त्या मुलांना परत उगवला नाहीं, हें सांगावयास नकोच.

हा जुना प्रसंग आम्हीं मुद्दाम आरंभीं घेतला आहे. दंतरोपण म्हणजे गेलेल्या दांताच्या जागीं जबड्याच्या हाडांतच कृत्रिम मूळ रोवून त्यावर दांत उभारण्याची विद्या. तिचा इतिहास बहुधा धातूंचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधीं सोनें, मग प्लॅटिनम, मग कोबाल्टाचें मिश्रण, शेवटीं टायटेनियम. ही वंशावळ खोटी नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, या विद्येंत खरा पालट घडला तो धातूनें जितका, तितकाच हिशेबाच्या वहीनें. किती खुंट्या रोविल्या, किती निघून आल्या, कोणाच्या तोंडांतून, किती वर्षांनीं, हें सारें लिहून परक्यापुढें मांडण्याची रीत पडली, तेव्हां कोठें या विद्येला शास्त्र हें नांव शोभूं लागलें.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यांत आटोपतां येईल. १८०९ सालीं फ्रान्सांत माजिओलो यानें सोन्याचें मूळ घडवून रोविलें. १९१३ सालीं अमेरिकेंतील ग्रीनफील्ड यानें इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची, पोकळ पिंजऱ्यासारखी खुंटी पुढें आणिली. हाडांत गोल चर कोरून ती बसवावी आणि पिंजऱ्यांत हाड वाढूं द्यावें, ही त्याची कल्पना आजहि वाखाणण्यासारखी आहे. १९३० नंतरच्या दशकांत हार्वर्ड येथें स्ट्रॉक यानें व्हायटॅलियम नांवाच्या कोबाल्ट-मिश्रणाचे स्क्रू बसविले. पुढें १९६० नंतर न्यूयॉर्कच्या लिंको यानें पात्यासारख्या चपट्या खुंट्यांचा प्रसार केला, आणि त्या हजारों जबड्यांत गेल्या. या सर्वांपाशीं बुद्धि होती, हस्तकौशल्य होतें, धाडसहि होतें. नव्हता तो त्रयस्थ. खुंटी कल्पिणारा, ती रोवणारा, आणि ती यशस्वी झाली असें सांगणारा बहुधा एकच मनुष्य असे. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच पागोट्याखालीं बसले म्हणजे निकाल काय लागणार हें उघड आहे.

बहुतेक खुंट्यांचा शेवट एकाच तऱ्हेनें होई. शरीर परक्या वस्तूभोवतीं चिवट तंतूंचें वेष्टण विणतें. खुंटी हाडाला न भिडतां या वेष्टणांत नुसती उभी राहते, चावतांना हलते, हलतां हलतां वेष्टण जाड होतें, जंतु शिरतात, आणि ती निघून येते. जातांना आजूबाजूचें हाडहि नेते. नवल असें कीं, कित्येक जाणत्यांनीं या दोषालाच गुण ठरविलें: नैसर्गिक दांताच्या मुळाभोवतींहि तंतूंची गादी असते, तशीच ही दुसरी, असें ते म्हणत. धातु आणि हाड यांचा संबंध मधल्या पडद्यावांचून जडेल, ही गोष्ट बहुतेकांना अशक्य वाटे.

ती शक्य आहे हें एका सशानें दाखविलें. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक दांतांचा नव्हे, तर हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होता. जिवंत हाडांत रक्त वाहतांना पाहतां यावें म्हणून त्यानें सशाच्या पायाच्या हाडांत टायटेनियमचा एक बारीक झरोका बसविला. काम झाल्यावर तें उपकरण काढूं लागला, तों तें निघेना. हाड त्याला असें जडलें होतें कीं, फोडल्यावांचून सुटका नव्हती. या जडण्याला त्यानें पुढें 'ऑसिओइंटिग्रेशन' असें नांव दिलें. मराठींत त्याला काय म्हणावें? आमच्या संतांनीं मुक्तीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. जुन्या खुंट्या समीपतेवरच थांबल्या होत्या, ही सायुज्यता. म्हणून या लेखापुरतें आम्ही त्यास 'अस्थिसायुज्य' म्हणतों. परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनीं रागावूं नये.

टायटेनियम हें नांव भारदस्त असलें तरी त्याचें कूळ वाळूचें आहे. १७९१ सालीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत विल्यम ग्रेगर या पाद्र्याला तें प्रथम काळ्या वाळूंत आढळलें. त्याच जातीची इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरहि आहे. भर दुपारीं तींतून अनवाणी चाललेल्यास तिची वेगळी ओळख करून द्यावयास नको. या धातूला हवा लागतांच त्याच्या अंगावर ऑक्साइडचें अत्यंत पातळ कवच धरतें, आणि शरीराशीं त्याची सोयरीक जुळते ती या कवचामुळें.

धातु हातीं आला म्हणून ब्रोनेमार्क लागलीच माणसाच्या तोंडाकडे वळला नाहीं. सशानंतर कुत्र्यांवर प्रयोग झाले, वर्षें गेलीं. १९६५ सालीं, म्हणजे त्या सशानंतर सुमारें तेरा वर्षांनीं, गोथेनबर्ग येथें पहिला रोगी घेतला गेला. गोस्टा लार्सन हें त्याचें नांव. जन्मतःच टाळू दुभंगलेला, जबडा विकृत, खालीं एकहि दांत नाहीं. कवळीचें दुःख आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक आहेच: रात्रीं ती पाण्याच्या वाटींत, दिवसा तोंडांत, आणि खालची तर जिभेच्या हालचालीसरशीं उठते. लार्सनचा जबडा ती कवळीहि धरण्याजोगा नव्हता. त्याच्या खालच्या जबड्यांत चार खुंट्या रोविल्या.

या पद्धतीचें मर्म सबुरींत होतें. भोक पाडतांना हाड तापतां कामा नये, म्हणून यंत्र हळू फिरवावयाचें आणि वरून मिठाच्या पाण्याची धार सोडावयाची. (४७ अंश सेल्सिअसची ऊब एक मिनिट लागली कीं हाडाला इजा होऊं लागते, हें एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनीं सशांवरील प्रयोगांनीं १९८३ सालीं दाखविलें, जुन्या खुंट्यांपैकीं किती या तापानें गेल्या असतील कोण जाणे.) खुंटी बसविल्यावर हिरडी वरून शिवून टाकावयाची, आणि खालच्या जबड्यांत तीन-चार महिने, वरच्यांत पांच-सहा महिने तिच्यावर कांहींएक भार घालावयाचा नाहीं. पेरलेलें बीं रोज उकरून पाहणाऱ्या मुलाची अधीरता येथें उपयोगाची नव्हती.

स्वीडनमधील दंतवैद्यांनीं त्याचें स्वागत केलें असें मात्र नाहीं. तो मूळचा दंतवैद्य नव्हता, हा पहिला अपराध. १९६९ सालीं लांड्सक्रूना येथें त्याचें व्याख्यान झाल्यावर एका ज्येष्ठ दंतवैद्यानें सर्वांदेखत त्याची संभावना केली. टीकाकारांना आम्ही सरसकट दोष देणार नाहीं. जुन्या खुंट्यांनीं बिघडविलेले जबडे त्यांनीं प्रत्यक्ष पाहिले होते. आणि धातु व हाड एकत्र कापून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवण्याची चांगली सोय नसल्यामुळें, मध्यें पडदा नाहीं हें केवळ ब्रोनेमार्कच्या शब्दावर मानावें लागत होतें. ती अडचण १९७६ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें आंद्रे श्रोडर यानें स्वतंत्रपणें दूर केली. त्याच सुमारास स्वीडनच्या सरकारी आरोग्यखात्यानें उमेओ विद्यापीठाचे तीन प्राध्यापक चौकशीस नेमले. त्यांनीं रोगी स्वतः तपासून अनुकूल अभिप्राय दिला. परक्या डोळ्यांनीं वही तपासण्याचा तो आरंभ होय.

पण यश म्हणजे काय? १९७८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें हार्वर्ड येथें तज्ज्ञांची परिषद भरविली. तिनें ठरविलेली व्याख्या आज वाचली म्हणजे हंसूं येतें. शंभरांपैकीं ७५ ठिकाणीं खुंटीनें पांच वर्षें काम दिलें म्हणजे पुरे. खुंटीच्या उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत हाड झिजलें तरी हरकत नाहीं. पायाचा तिसरा हिस्सा वाहून गेल्यावरहि घर पक्कें आहे म्हणणाऱ्या गवंड्याला आम्ही पुन्हां काम देणार नाहीं. तथापि त्यापूर्वीं सर्वांना बांधणारी अशी व्याख्याच नव्हती, हें विसरून त्या परिषदेला हंसणें बरोबर होणार नाहीं.

१९८१ सालीं आडेल, लेकहोल्म, रॉक्लर आणि ब्रोनेमार्क यांनीं १९६५ पासूनच्या पंधरा वर्षांचा जमाखर्च छापला. ओळीनें आलेले ३७१ रोगी, बिनदांतांचे ४१० जबडे, २,७६८ खुंट्या. यांतील 'ओळीनें आलेले' हे शब्द आम्हांस आंकड्यांहूनहि मोलाचे वाटतात. निवडक चांगले रोगी दाखवून बाकीच्यांवर पडदा टाकण्याची वाट त्यांनीं बंद केली. प्रमाणित पद्धतीनें उपचार झालेले आणि ५ ते ९ वर्षें पाहिलेले १३० जबडे व त्यांतील ८९५ खुंट्या घेतल्या, तर वरच्या जबड्यांत ८१ टक्के व खालच्यांत ९१ टक्के खुंट्या पक्क्या राहिल्या. त्यांवर उभारलेल्या दांतांच्या पंक्ति मात्र वर ८९ व खालीं १०० टक्के टिकल्या. हा विरोध दिसतो तसा नाहीं. मांडवाचा एखादा खांब गेला तरी मांडव उभा राहतो. विकणारा मांडवाचा आंकडा सांगतो. घेणाऱ्यानें खांबांचा विचारावा. हाडाची झीजहि त्यांनीं मोजली: रुजण्याचा काळ व पहिलें वर्ष मिळून सरासरी दीड मिलिमीटर, आणि पुढें दरसाल एक-दशांश मिलिमीटर.

तरीहि एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. पद्धतीची खरी शक्ति या १३० जबड्यांच्या गटावरूनच कळते, असें लेखकांनींच म्हटलें आहे. म्हणजे हात बसण्यापूर्वीचीं वर्षें या टक्केवारींत नाहींत. तीं लपविलेलीं नाहींत, वेगळीं मांडलेलीं आहेत. परंतु पहिल्या वर्षांतले रोगीहि माणसेंच होतीं, आणि पुढच्यांचे ९१ टक्के त्यांच्या तोंडावर शिकून मिळविलेले आहेत.

गोथेनबर्गचा हात दुसऱ्या कोणाला साधेल काय, याचें उत्तर टोरांटोहून आलें. तेथील जॉर्ज झार्ब यानें १९७९ पासून तीच पद्धत काटेकोरपणें पाळून आपल्या रोग्यांवर पाहिली, आणि १९८२ सालीं टोरांटो येथें परिषद भरवून स्वीडनचें काम अमेरिका-खंडापुढें मांडविलें. १९८६ सालीं आल्ब्रेक्टसन, झार्ब आदींनीं यशाची नवी कसोटी सांगितली: खुंटी हलतां कामा नये, दुखतां कामा नये, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, आणि पांच वर्षांनीं किमान ८५, दहा वर्षांनीं किमान ८० टक्के खुंट्या या कसोटीस उतराव्या. आठ वर्षांपूर्वींच्या एक-तृतीयांश हाडाशीं हें ताडून पाहावें.

हे सर्व हिशेब निष्णातांचे होते. गांवोगांवचे साधे दंतवैद्य हेंच काम करूं लागल्यावर काय होतें, हें कळण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. स्वीडनच्या सरकारी विमा-दप्तरांत २००३ सालीं उपचार झालेल्यांची नोंद होती. तींतून डेर्क्स व त्याचे सहकारी यांनीं ४,७१६ रोगी चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडले, आणि ८०० हून अधिक वैद्यांकडून २,७६५ जणांचे कागद मिळविले. एकूण खुंट्या ११,३११. यांपैकीं ४.४ टक्के रोग्यांची खुंटी आरंभींच गेली. धूम्रपान करणारे आणि पूर्वीं हिरड्यांच्या रोगानें पछाडलेले यांत अधिक. नऊ वर्षांनंतर तपासलेल्यांत ४.२ टक्क्यांची मागाहून गेली. एकंदरींत ७.६ टक्के रोग्यांनीं निदान एक तरी खुंटी गमाविली. म्हणजे खुंट्या टिकल्या, असेंच म्हणावें लागतें. परंतु टिकणें आणि निरोगी असणें एक नव्हे. त्याच मंडळींचा दुसरा अहवाल २०१६ सालीं आला. त्यांत तपासलेल्या रोग्यांपैकीं ४५ टक्क्यांच्या खुंटीभोवतीं दाह व हाडाची कांहीं ना कांहीं झीज आढळली, आणि १४.५ टक्क्यांत ती दोन मिलिमीटरहून अधिक होती. सायुज्यता मिळाल्यावर पुनर्जन्म नाहीं असें शास्त्र सांगतें. खुंटीच्या बाबतींत तेवढी हमी नाहीं.

गोस्टा लार्सन २००६ सालीं वारला. १९६५ सालीं सुरू झालेली त्याच्या खुंट्यांची चाकरी तोंपर्यंत चालू होती. चाळीस वर्षांहून अधिक. दंतरोपणाच्या बहुतेक व्याख्यानांत त्याचें नांव आजहि पहिल्यानें येतें. स्वीडनच्या विमा-दप्तरांतून निवडलेल्या त्या ४,७१६ जणांपैकीं ज्यांचे कागद हातीं आले नाहींत, असे १,९५१ राहतात. त्यांच्या खुंट्यांचें काय झालें, हें त्या वहींत नाहीं.